उतरवायला तीन सह्या

शीबाईंना हे नाव कोणी ठेवलं ते हॉस्पिटलात आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने काही चूक केली नाही. बाई सकाळी नऊला आपल्या खोलीचं दार उघडत, आत एक पाऊल टाकत आणि तोंडातून पहिला शब्द निघे तो 'शी!' कधी बेसिनमध्ये कुणीतरी ओतून गेलेला चहाचा चोथा असे, कधी कीबोर्डवर बिस्किटांचा भुगा, कधी टेबलावर ओल्या कपाचं चिकट वर्तुळ. खोली म्हणायला त्यांची एकटीची होती, पण कुलूप नीट लागत नसल्याने ती सगळ्यांची होती. पूर्वी तिथे प्लास्टरच्या पिशव्या ठेवत. भिंतीच्या कोपऱ्यांतून पांढरी भुकटी अजून झडत होती. बाई वॉर्डातून स्पिरिटचा बोळा मागून आणत, नाक मुरडत टेबल, माऊस, खुर्चीचे हात पुसून काढत आणि मगच बसत.

बसल्यावर खरी घाण सुरू होई. ती स्पिरिटने निघण्यातली नव्हती.

हॉस्पिटलची वेबसाइट सतरा वर्षं शीबाईंच्या ताब्यात होती. बाई इथे लागल्या टायपिस्ट म्हणून. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, खाटांची यादी, हे टाइप करता करता त्यांची बोटं इतकी चालायला लागली की बोलता बोलता त्या हवेतच टाइप करत. मग कॉम्प्युटर आले. वेबसाइट काढायचं ठरलं तेव्हा सहा दिवसांच्या शिबिराला कुणी जायला तयार होईना, सगळ्यांनी अंग काढून घेतलं. शीबाईंना सुटी आहे का, घरी कुणी आजारी आहे का, असलं काही कुणी विचारलं नाही. पाठवलं. सहा दिवसांनी परत आल्या त्या वेबसाइटच्या मालकीण होऊन. मालकीण म्हणजे काय, तर मोलकरीण.

त्या वेबसाइटवर नऊ हजार दोनशे पानं होती. त्यांतली नऊ हजार तरी उकिरड्यावर टाकण्याच्या लायकीची होती. 'भेटीच्या वेळा', 'भेटीच्या वेळा नवीन', 'भेटीच्या वेळा शेवटच्या', 'भेटीच्या वेळा शेवटच्या खऱ्या', अशी एकाच गोष्टीची चार पानं, आणि चारही चुकीची. डॉक्टरांच्या यादीतले चार डॉक्टर देवाघरी जाऊन वर्षं लोटली होती, तरी त्यांच्या तपासणीच्या वेळा तिथे होत्याच. एका खोलीत नवीन पंखा बसवला त्याचे एकसष्ट फोटो होते. सगळ्यांत पंखा बंद.

पण शीबाईंना सगळ्यांत किळस यायची ती दुसऱ्याच एका रीतीची. हॉस्पिटलात कागदावर शिक्का पडल्याशिवाय कुणाचा कशावर विश्वास नसे. बाई नोटीस स्वच्छ टाइप करून वेबसाइटवर टाकत. तेच पान कुणीतरी छापून काढी, त्यावर साहेबांची सही घेई, शिक्का मारी, त्याचा फोटो काढी, आणि तो फोटो 'हे चढवा' म्हणून बाईंकडे परत पाठवी. फोटो हमखास आडवा. कडेला फोटो काढणाऱ्याचा अंगठा. एका फोटोत अंगठ्याच्या नखातला मळसुद्धा दिसत होता. रक्त कुठल्या वेळी मिळेल हे शोधणाऱ्या माणसाला मान वाकडी करून तो अंगठा बघावा लागे. शीबाईंनी एकदा ते अंगठे मोजले होते. दोनशे चौदा.

हे सगळं काढून का टाकत नसत? कारण नियम. वेबसाइटवर काहीही चढवायला कुणाची सही लागत नसे. आचारी येऊन 'आज लिफ्ट बंद आहे' म्हणाला तरी चढवायचं. पण चढवलेलं उतरवायला तीन सह्या लागत: प्रशासकसाहेबांची, दप्तरप्रमुखांची आणि कायदा सल्लागारांची. सतरा वर्षांत एकाही अर्जावर तिन्ही सह्या पडलेल्या शीबाईंनी पाहिल्या नव्हत्या. उतरवण्यावर सही करणं म्हणजे चढवणं चूक होतं असं मान्य करणं, आणि मान्य करायची त्या इमारतीत कुणालाच सवय नव्हती.

म्हणून मग पडद्याची सोय निघाली. वेबसाइट पहिल्यांदा बांधणाऱ्या माणसाने जाता जाता एक छोटं प्लगिन जोडून दिलं होतं. प्रत्येक पानाच्या खाली एक चौकोन, त्यावर शब्द 'पडदा'. चौकोनावर खूण केली की पान लोकांना दिसेनासं होई, पण आत जसंच्या तसं राही. पडद्याला सही लागत नसे. काही अंगाशी आलं की वरून निरोप येई, "बाई, पडदा टाका." वर्षानुवर्षं त्या पडद्यामागे काय काय सारलं होतं ते एकट्या शीबाईंना ठाऊक होतं.

एका सोमवारी ठेकेदार कंपनीचा इंजिनियर आला. टक्कल पडलेला, हळू बोलणारा माणूस. शीबाईंनी आधी त्याची बोटं पाहिली. नखं कापलेली होती, म्हणून त्याला पुसलेली खुर्ची मिळाली.

"तुमची वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते ना, ते आता जुनं झालं," तो म्हणाला. "बनवणारे लोक त्याकडे बघायचं बंद करणार आहेत. म्हणजे कुणीही घुसलं तरी दार लावायला कोणी नाही. नवं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल. पण ते इतकं वेगळं आहे की हे नुसतं अपग्रेड नाही, बिऱ्हाड हलवणंच आहे. सगळं सामान एकेक करून उचलायचं."

"सगळं?" शीबाईंचा चेहरा पडला. "तो अंगठासुद्धा?"

"कुठला अंगठा?"

बाईंनी दाखवला. इंजिनियरने मान वाकडी करून तो बघितला. मग त्याने चष्मा पुसला.

"नाही," तो म्हणाला. "नव्या घरात फक्त वाचून तपासलेली पानं जातील. मी प्रत्येक पानापुढे एक जागा ठेवतो. तुम्ही पान वाचायचं, मजकूर खरा आणि आजचा असेल तर बरोबरची खूण करायची. खूण केली की पानाखाली तुमचं नाव येईल, 'पडताळलं' म्हणून. खूण नाही ते पान कोठीत पडून राहील. लोकांना दिसणार नाही."

शीबाईंना इतका आनंद सतरा वर्षांत झाला नव्हता. कुणाच्या सहीशिवाय उकिरडा मागे टाकून जाता येणार होतं. मग इंजिनियर म्हणाला, "आणि हो, ते पडद्याचं प्लगिन नव्या सॉफ्टवेअरला कळत नाही. त्याच्या लेखी पडदा नाहीच. पडद्यामागचं पान असलं तरी खूण झाली की ते उघडं दिसणार. जरा सांभाळून."

बाई कामाला लागल्या. पूर्ण वेबसाइटची एक प्रत काढून बाजूला ठेवली, दुसरी प्रत चाचणीसाठी उघडली, आणि रोज शंभर पानं या हिशेबाने वाचायला सुरुवात केली. दिवसभर त्यांच्या खोलीतून 'शी' ऐकू येई. जाणारे-येणारे हसत. तिसऱ्या आठवड्यात पडद्यामागची पानं आली आणि हसण्यासारखा तो शब्द बंद झाला. त्या पानांमध्ये एक नोटीस होती. ती तिथे आहे हे शीबाईंना माहीत होतं. गेली चौदा वर्षं त्या तिच्याकडे न बघता पुढे जात होत्या.

नोटिशीवर एका परिचारिकेचा फोटो होता, ओळखपत्रावरून घेतलेला. खाली मजकूर: औषधभांडारातील वेदनाशामक इंजेक्शनच्या कुप्यांची चोरी केल्यामुळे सदर परिचारिकेस सेवेतून दूर करण्यात आले आहे, तरी नागरिकांनी तिच्याशी कोणताही व्यवहार करू नये. त्या परिचारिकेचं नाव, वय, पत्ता. आणि तो पत्ता शीबाईंच्या घराचा होता.

ती त्यांची नणंद होती.

नणंद होण्याआधी ती सिस्टर होती. शीबाई टायपिस्ट म्हणून नव्या लागल्या तेव्हा वॉर्डातली ही मोठी सिस्टर त्यांना आपल्या डब्यातलं खायला बोलवायची. एक दिवस म्हणाली, "माझा भाऊ आहे. बोलत नाही फारसा, पण हात धुऊन जेवायला बसतो." शीबाईंना आणखी काय हवं होतं? लग्न झालं. घरात नणंद मागच्या खोलीत, हे दोघं पुढच्या. सिस्टर रात्रपाळीहून यायची तेव्हा शीबाई निघायच्या, दारात दोघींची गाठ पडायची आणि वॉर्डातल्या गोष्टी पायरीवरच उरकायच्या.

मग कुप्या कमी भरल्या. त्या आठवड्यात औषधभांडाराची किल्ली सिस्टरकडे होती. चौकशी झाली म्हणायची, तर ती अर्ध्या तासाची. तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला आणि वर नोटीस काढली. नोटिशीचा कागद शीबाईंच्या टेबलावर आला. त्यांनी तो टाइप केला. फोटो कापून नीट चौकोनात बसवला. चढवला. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, घरात दोन पगार बंद झाले असते, हे खरं. पण फोटोच्या कडा सारख्या करायला कुणी सांगितलं होतं?

आठ महिन्यांनी भांडारातला जुना फ्रिज हलवला आणि कुप्यांचा खोका मागे पडलेला सापडला. एकही कुपी कमी नव्हती. सिस्टर माफीपत्र मागायला गेली, तर साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःच राजीनामा दिलात. माफीचा प्रश्न येतो कुठे?" नोटिशीवर पडदा पडला आणि हॉस्पिटलपुरता विषय संपला. नणंदेपुरता संपला नाही. तोपर्यंत तिचं नाव शोधलं की ती नोटीसच वर यायची, आणि ज्यांनी पाहिली ते विसरले नाहीत. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलने तिला घेतलं नाही. ती घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायला लागली. घरी वहिनीशी ती बोलायची, पण कामापुरतं. पायरीवरच्या गप्पा गेल्या त्या गेल्याच.

आणि आता, सत्तावन्नाव्या वर्षी, तिला परिचारिका प्रशिक्षण केंद्रात बोलावणं आलं होतं. मुलींना हाताने काम कसं करायचं ते दाखवायचं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी कागदपत्रं घेऊन जायचं होतं. चौदा वर्षांतलं पहिलं नीटचं पद. ती आरशासमोर उभी राहून पांढरा कोट घालून बघत असताना शीबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

नोटिशीपुढे खूण करायची नाही एवढंच करायचं होतं. पान कोठीत पडून राहिलं असतं. पण शीबाईंना ते कोठीतही नको झालं. त्यांनी उतरवण्याचा अर्ज लिहिला आणि तीन सह्यांसाठी निघाल्या.

प्रशासकसाहेब फळं खात होते. बिया टेबलावरच्या फाइलवर थुंकत होते.

"खोटी आहे हे मान्य आहे हो बाई," ते म्हणाले. "पण मी सही केली की ती खोटी होती असं मी म्हटल्यासारखं होईल."

"खोटीच होती ना साहेब?"

"होती. पण तसं म्हणायचं कशाला?"

दप्तरप्रमुख म्हणाले, "साहेबांची सही आधी आणा." कायदा सल्लागार म्हणाले, "अभिलेख नष्ट करता येत नाही. आणि तुम्हाला एवढी काळजी का? तुमची कोणी लागते का?" त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पानाचा लाल रस वाळला होता. शीबाई त्या रसाकडे बघत "नणंद लागते" म्हणाल्या आणि बाहेर येऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. अर्ज तसाच बिनसहीचा खणात गेला.

त्यानंतर दोनच दिवसांनी दुसरी घाण झाली. शुक्रवारपर्यंत वर अहवाल जायचा होता: किती पानं पडताळून झाली? शीबाईंनी खरा आकडा दिला, शेकडा तेवीस. साहेबांना तो लाजिरवाणा वाटला. सोमवारी बाई दाढ काढायला रजेवर होत्या. साहेबांचा एक खास कारकून होता, सगळे त्याला होयबा म्हणत. साहेबांनी त्याला शीबाईंच्या खोलीत पाठवलं. पासवर्ड शोधावा लागला नाही. तो कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला होता, आणि चिठ्ठी बाईंच्याच हातची होती. रोज चार जण येऊन विचारायचे, कंटाळून त्यांनीच ती ठेवली होती. होयबाने यादी उघडली, वरच्या टोकाला 'सर्व निवडा' असं दिसलं, आणि त्याने निवडलं. एका फटक्यात नऊ हजार दोनशे पानं खरी आणि आजची ठरली. मेलेले डॉक्टर, बंद पंखा, दोनशे चौदा अंगठे, सगळ्यांखाली शीबाईंचं नाव लागलं.

मंगळवारी सकाळी सभागृहात नव्या वेबसाइटची चाचणी दाखवायची होती. शीबाई सुजलेला गाल घेऊन थेट तिथेच गेल्या. सगळ्या वॉर्डांच्या प्रमुख आल्या होत्या. साहेब पुढे. होयबा साहेबांच्या मागे. इंजिनियरने नवी शोधपेटी दाखवली आणि म्हणाला, "काहीही टाइप करून बघा." एक वॉर्डप्रमुख उठली आणि तिने आपल्याच पेशाचं नाव टाइप केलं: परिचारिका.

भिंतीवरच्या पडद्यावर एक चेहरा आला. चौदा वर्षांपूर्वीचा, घट्ट अंबाडा बांधलेला, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारा. खाली चोरी, व्यवहार करू नये, पत्ता. आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत: हा मजकूर खरा व आजचा असल्याचं पडताळलं आहे. पुढे शीबाईंचं नाव आणि कालची तारीख.

जुन्या बायकांनी माना खाली घातल्या. नव्यांनी एकमेकींना विचारलं, "ही कोण?" मागे कुणीतरी मोबाइल वर धरून फोटो काढला. शीबाईंच्या तोंडात दाढेच्या जखमेतून रक्ताची चव आली आणि त्या बाहेर जाऊन बेसिनवर वाकल्या. बेसिनमध्ये चोथा होता. त्या दिवशी त्यांना तो दिसलाही नाही.

इंजिनियर मागोमाग आला. "मी सगळ्या खुणा काढून टाकतो," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. पान परत कोठीत जाईल."

"फोटो सगळीकडे गेला असेल," बाई म्हणाल्या.

फोटो गेलाच होता. संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा नवरा पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. नणंद मागच्या खोलीत टेबलाशी होती, समोर मोबाइल पालथा ठेवलेला. शीबाई दारातच थांबल्या.

"ताई, मी खूण केली नव्हती. होयबाने केली. माझा पासवर्ड..."

"बस," नणंद म्हणाली. "गाल सुजलाय. गरम पाण्याने चूळ भरलीस का?"

"ताई, ते पान आता दिसणार नाही. मी उद्या सगळ्यांत आधी..."

"परत पडदा?"

शीबाई खुर्चीच्या कडेला बसल्या.

"चौदा वर्षं मी तोंडाने सांगतेय, वहिनी. ज्याच्या घरी गेले त्याला सांगितलं, मी चोरी केली नव्हती. लोक हो हो म्हणतात आणि कपाटाला कुलूप लावतात." नणंदेचा आवाज वर चढला नाही. "चोरी केली असा कागद आहे. नाही केली असा कागद कुठेच नाही. तू ते पान झाकलंस की माझ्या हातात पुन्हा काहीच नाही. सोमवारी त्या केंद्रात कोणी हा फोटो पुढे केला तर मी काय दाखवू? तुझा पडदा?"

"उतरवायला सह्या देत नाहीत हो. किळस आली मला त्या माणसांची."

"किळस तुला रोजच येते," नणंद म्हणाली. "हात धुतेस आणि जेवायला बसतेस. उतरवू नकोस. ठेव. पण खरं काय ते लिही, आणि लिहिणारीचं नाव घाल."

त्या रात्री शीबाई पानावरून लवकर उठल्या. शीबाईंना एका बाजूने चावता येत नव्हतं, ते एक निमित्त झालं.

बुधवारी सकाळी त्या खोलीत आल्या. कीबोर्डखालची चिठ्ठी काढून तिचे बारीक तुकडे केले, पासवर्ड बदलला. मग नोटिशीचं पान उघडलं. उतरवायला तीन सह्या. चढवायला एकही नाही. सतरा वर्षं ज्या नियमाने त्यांच्या टाळक्यावर घाण ओतली, तो नियम त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा उपयोगी पडला. त्यांनी नोटिशीच्या वर, फोटोच्याही वर, ठळक अक्षरांत लिहिलं:

'खालची नोटीस खोटी आहे. चोरीला गेल्या म्हणून लिहिलेल्या कुप्या औषधभांडारातल्या फ्रिजमागे पडलेल्या सापडल्या. एकही कमी नव्हती. या परिचारिकेने काहीही चोरलं नव्हतं. हे कळल्यावरही हॉस्पिटलने तिला तसं कधी लिहून दिलं नाही. ही नोटीस आठ महिने लोकांना दिसत होती. ती टाइप करून इथे चढवणारी मी.'

खाली आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा. मग जुन्या वेबसाइटवर पडद्याच्या चौकोनातली खूण काढली आणि नव्या घरासाठी पडताळणीची खूण केली. ती करण्याआधी त्यांनी उठून दार लोटून घेतलं, हे सांगायला हवं. बाई काही शूर नव्हत्या. निवृत्तीला सात वर्षं होती.

दुपारी साहेबांचं बोलावणं आलं. होयबा दारातच उभा होता, चेहरा पिठासारखा.

"हे काय लिहिलंत?" साहेब ओरडले. "आत्ताच्या आत्ता उतरवा!"

शीबाईंनी पिशवीतून एक कागद काढला आणि फळांच्या बिया टाळून टेबलावर ठेवला. "उतरवण्याचा अर्ज, साहेब. तीन सह्या लागतात. पहिली तुमची."

साहेबांनी पेन उचललं. अर्जात एक रकाना होता: उतरवण्याचं कारण. त्यात काय लिहायचं? मजकूर खोटा आहे, असं लिहिता येत नव्हतं, कारण तो खरा होता. खरा आहे म्हणून उतरवा, असंही लिहिता येत नव्हतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मग पडदा टाका."

"आज टाकला तरी नव्या सॉफ्टवेअरमध्ये पडदा नाही, साहेब. आणि खूण माझ्या नावाची आहे. ती मी काढणार नाही. मला कामावरून काढायचं तर काढा, त्याचीही नोटीस निघेल. चढवायला दुसरं कुणीतरी शोधा."

साहेब होयबाकडे बघायला लागले. होयबा खिडकीबाहेर बघायला लागला. "ठेवून जा, बघू," साहेब शेवटी म्हणाले, आणि अर्ज खणात गेला. त्या खणात गेलेलं काही बाहेर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

संध्याकाळी निघताना शीबाईंनी आयुष्यभर ज्या गोष्टीचा तिरस्कार केला ती केली. वेबसाइटचं पान कागदावर छापून घेतलं. घरी येऊन तो कागद त्यांनी मागच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि शेजारी उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर आता आपल्याला दोन बरे शब्द ऐकायला मिळतील असं त्यांना वाटत होतं. साहेबांचं तोंड कसं झालं होतं ते सांगायचंही त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

नणंदेने चष्मा लावला. औषधाचा तक्ता वाचावा तसं ओळीखाली बोट धरून एकेक ओळ वाचली. एका ओळीशी बोट थांबलं.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आठ महिने नाही. अकरा महिने नऊ दिवस."

"पण कुप्या आठ महिन्यांनी सापडल्या ना ताई?"

"कुप्या सापडल्या. नोटीस नव्हती गेली. पुढे तीन महिने नऊ दिवस होती. मी रोज सकाळी बाहेर पडायच्या आधी उघडून बघायची, आज तरी गेली का म्हणून. मला वाटायचं पडदा टाकायलाही सह्या लागत असतील. लागत होत्या का?"

पडद्याला सही लागत नसे. साहेबांची चिठ्ठी आलेली शीबाईंना आठवली, 'पडदा टाका' एवढीच. ती टेबलावरच्या ट्रेमध्ये पडली होती. त्या दिवसांत पंख्याचे फोटो आले होते, आणि शीबाई त्या एकसष्ट फोटोंच्या कडा सारख्या करत बसल्या होत्या. त्याखाली चिठ्ठी गेली. पुढे कधीतरी ट्रे पुसायला काढला तेव्हा ती हाती लागली आणि त्यांनी पडदा टाकला, एका खुणेचं काम. मधे तीन महिने गेले हे त्यांना कधी जाणवलंही नव्हतं. इतकी वर्षं त्या ठामपणे समजत होत्या की आपण चिठ्ठी आली त्याच दिवशी पडदा टाकला.

"शी," शीबाई म्हणाल्या. इतक्या हळू की पुढच्या खोलीत नवऱ्याला ऐकू गेलं नाही.

नणंदेने कागद त्यांच्या हातात परत दिला. "दुरुस्त करून दुसरा आण. सोमवारी मला तो बरोबर न्यायचाय," ती म्हणाली आणि उठून पांढरा कोट इस्त्रीला घेतला.

गुरुवारी सकाळी शीबाईंनी खोलीचं दार उघडलं. टेबल न पुसताच खुर्चीवर बसल्या. पान उघडलं, 'आठ महिने' खोडलं आणि लिहिलं: 'अकरा महिने नऊ दिवस. त्यातले शेवटचे तीन महिने नऊ दिवस हॉस्पिटलमुळे नाहीत. ते माझ्यामुळे.' दोनदा वाचलं. आकडे बरोबर होते. मग पुन्हा पडताळणीची खूण केली आणि नणंदेसाठी नवी प्रत छापायला टाकली. सही कुणाचीच लागली नाही.